पांढरीचं जतन

यंत्राला 'भूनेत्र' हे नाव मी दिलेलं नाही. मी आणि माझे सहकारी त्याला 'नळ्या' म्हणायचो, कारण त्या नळ्याच होत्या. उसाच्या कांडीएवढ्या जाड, माणसापेक्षा थोड्या लांब, आत चकाकत्या प्लास्टिकचे थर. मंत्रालयात गेल्यावर नळ्यांना डोळे फुटले आणि उद्घाटनाला नारळ फुटला. मला तेव्हा हसू आलं होतं. या सगळ्या प्रकरणात हसण्यासारखं तेवढंच होतं.

मी केतकी. शिकले पुरातत्त्व, पण नंतर भौतिकशास्त्राच्या नादी लागले, कारण पुरातत्त्वातली एक गोष्ट मला कधीच पटली नाही. जुनी वस्ती समजून घ्यायची तर ती खणावी लागते, आणि खणली की ती संपते. उचललेला थर परत रचता येत नाही. ज्याच्यावर जीव लावायचा तेच खरवडून काढायचं, हा कुठला धंदा? म्हणून न खणता आत बघणारं यंत्र करायचं असं मी ठरवलं, आणि त्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली.

त्याचं तत्त्व सोपं आहे. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात आणि त्यातून म्युऑन नावाचे कण सतत खाली पडत राहतात. तुम्ही हे वाचताय तेव्हाही तुमच्या तळहातातून सेकंदाला एखादा जातोच आहे. दुखत नाही, कळत नाही. हे कण मातीतून, दगडातून आरपार जातात, पण दाट वस्तूत थोडे जास्त अडतात. तेव्हा टेकाडाच्या खाली तिरपी भोकं पाडायची, त्यात नळ्या सरकवायच्या आणि कुठल्या दिशेनं किती कण आले ते टिपत राहायचं. दगडी भिंत असेल तिकडून कमी येतात, पोकळी असेल तिकडून जास्त. जोडीला गुरुत्वाकर्षणातला सूक्ष्म फरक ओळखणारे संवेदक. दोन्हींचा मेळ संगणकानं घातला की टेकाडाच्या पोटातलं चित्र उभं राहतं.

फक्त घाई चालत नाही. कण त्यांच्या चालीनं येतात. जितके महिने थांबाल तितकं चित्र बारीक होत जातं.

हिंगणवेळ हे माझ्या नवऱ्याचं गाव, कृष्णेच्या एका वळणावर. नवरा म्हणजे संग्राम माने, पूरनियंत्रण प्रकल्पाचा कार्यकारी अभियंता. नाव संग्राम, पण आवाज असा की दुकानदाराकडे सुटे मागतानाही हा माफी मागतोय असं वाटावं. त्याचे वडील एका महापुरात गेले. बुडाले नाहीत. माडीवर अडकून पडले, इन्सुलिन संपलं आणि होडी यायला उशीर झाला. शाळकरी संग्राम त्यांच्या उशाशी बसून होता. त्यापायीच तो या खात्यात आला. हे मला लग्नाआधी माहीत होतं आणि त्यामुळेच तो मला आवडला होता, हेही सांगून टाकते.

गाव आणि नदी यांच्यामध्ये एक टेकाड होतं. गावकरी त्याला पांढर म्हणायचे. शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहतात, चुलींची राख, पडक्या भिंती, हाडं, शेण सगळं त्या मातीत मिसळतं आणि ती पांढुरकी होते. माझ्या शास्त्राच्या हिशेबानं ती ताम्रपाषाण काळातली वस्ती होती, तीन हजार वर्षांहून जुनी. गावाच्या हिशेबानं ती 'आपली आधीची जागा' होती. आणि नव्या पूरसंरक्षक भिंतीची आखणी नेमकी तिच्यावरून जात होती. भिंत टेकाडाच्या मागून वळवायची तर होडीवाल्यांची अख्खी अंबी गल्ली पाडावी लागणार होती.

नळ्यांसाठी भोकं पाडायला गावानं पहिल्यांदा साफ नकार दिला. पांढरीवर सगळे जमले होते. पुढे होत्या मालनकाकू अंबी, संग्रामच्या शेजारच्या. पुरात अर्धं गाव त्यांनी स्वतः होडी मारून बाहेर काढलेलं, त्यामुळे त्यांच्या शब्दापुढे सरपंचही बोलायचे नाहीत.

"आदी भोकं पाडशीला, मग म्हनशीला पांढर पोकळ हाय, काडून टाका," काकू म्हणाल्या.

"उलट आहे काकू. आत काय आहे ते एकदा दाखवलं की कुणी हात लावायला धजणार नाही."

"तुझं खरं असंल सूनबाई. पर खात्याचा मानूस तू न्हाईस, त्यो हाय." त्यांनी खाली जीपजवळ उभ्या असलेल्या संग्रामकडे बोट केलं. "त्येला वर बोलीव. पांढरीवर हुबं ऱ्हाऊन आमच्यात कोन खोटं बोलत न्हाई. बैलाचा सौदा करायचा झाला तरी मानसं खाली वड्यात जात्यात."

लोक हसले. संग्राम पायातले बूट काढून वर आला.

"सांग बाबा संग्रामा. ही पांढर ऱ्हातीया का जातीया?"

तो जरा थांबला. मला वाटलं, गहिवरला. मग त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, "काकू, ही पांढर जतन हुनार. माझा शब्द हाय."

काकूंनी वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली. पाठोपाठ बाकीच्या बायकांनीही लावली. मी नवऱ्याकडे बघत होते आणि मला त्याचा इतका अभिमान वाटत होता की डोळे भरून आले. आज ते आठवलं की स्वतःची लाज वाटत नाही, त्याचा संताप येतो.

भिंतीसाठी तो तिसरी वाट काढेल असं मी धरून चालले. पुढचे महिने आमच्या संसारातले सगळ्यात चांगले होते. संग्राम सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर नळ्या सरकवायला यायचा. चिखलात गुडघे टेकून केबल जोडायचा. चित्र हळूहळू उमटत गेलं. आधी नुसती डागाळलेली सावली, मग चौकोनी घरांच्या भिंती, मग चुली, धान्याच्या कणग्या. आणि एक दिवस घरांच्या जमिनीखाली छोटे लांबोडके आकार दिसायला लागले. दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. अशी कितीतरी.

"हे काय?" संग्रामनं पडद्याकडे बोट दाखवून विचारलं.

"लहान मुलं. दगावलेल्या मुलांना असं पुरायचे. राहत्या घरातच, पायाखाली."

"लांब का नाही नेलं?"

"त्यांना विचारायला हवं. नेववत नसेल."

त्यानं खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाला, "अजून बारीक येईल का? बोटाच्या पेराइतकं?"

"येईल. पण आणखी दोन-तीन महिने लागतील. तुमचे लोक थांबतील?"

"थांबवतो मी."

आणि त्यानं खरंच थांबवले. ठेकेदार त्याच्या नावानं बोटं मोडत होते, वरिष्ठ रोज फोन करून झापत होते, आणि हा माझ्या चित्रासाठी सगळ्यांचं ऐकून घेत होता. दर आठवड्याला विचारायचा, पेराइतकं झालं का? प्रेम याला नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

चित्र पुरं झालं तेव्हा पुण्यात मोठी बैठक झाली. मोठ्या पडद्यावर मी अख्खी पांढर फिरवून दाखवली. गल्ल्या, ओटे, पाट्याचा दगड, मडक्यांच्या जोड्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. चहाच्या वेळी प्रकल्पाच्या सचिवबाई हात पुढे करून आल्या.

"मनापासून अभिनंदन! तुमच्यामुळे हिंगणवेळच्या स्थळाचं जतन पूर्ण झालं. उद्या सकाळी खोदाई सुरू करतोय."

"कसली खोदाई?"

"टेकाडाची. ती माती भिंतीच्या भरावाला फार चांगली आहे म्हणतात."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक होतेय. "अहो, पण ते तर जतन करायचंय ना?"

"झालं की! नव्या नियमात व्याख्याच दिली आहे. स्थळाची त्रिमित प्रतिमा बोटाच्या पेराइतक्या बारकाईनं मिळाली की ते स्थळ जतन झालं असं धरायचं. मग मूळ जागा मोकळी. आता भीमा, गोदावरी, सगळीकडे हीच पद्धत आणतोय. किती वर्षं तुम्ही पुरातत्त्ववाले आणि आम्ही बांधकामवाले भांडत बसलो होतो! माने साहेबांना फार छान सुचलं हे." त्या हसल्या. "घरचीच गोष्ट, तुम्हाला माहीतच असेल म्हणा."

मी कप खाली ठेवला आणि निघाले. काय वाटलं ते सांगायला मोठे शब्द नकोत. मला फसवलं होतं. माझ्याच माणसानं, माझ्याच यंत्रानं, माझ्याच हातानं. न खणता बघता यावं म्हणून मी नळ्या केल्या, आणि आता बघून झालं म्हणून खणायला परवानगी मिळत होती. त्या बारीक चित्रासाठी मी पावसात उभी राहिले होते. चित्र जितकं बारीक होत गेलं तितकी पांढर मरणाच्या जवळ जात होती, आणि आमच्या घरात हे फक्त एकाला माहीत होतं.

सांगलीला घरी पोहोचले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. संग्राम ओट्याशी उभा राहून वांगी चिरत होता.

"झाली बैठक? भाकरी टाकतोय, बस."

"उद्या खोदाई आहे."

सुरी थांबली. त्यानं 'कसली' असं विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं तर मी अजून एखादा क्षण आशेवर राहिले असते.

"तू पांढरीवर उभा राहून खोटं बोललास. तुझ्या गावात, तुझ्या काकूंपुढे."

"नाही बोललो." तो वळला. "काकूंनी विचारलं, राहते का जाते. राहील असं मी म्हणालो नाही. जतन होणार म्हणालो. ते झालं."

गावाची रीत यानं तंतोतंत पाळली होती. खोटं बोलायला नको म्हणून शब्द शोधून ठेवला होता. ते थांबणं, ज्याला मी गहिवर समजले, तो गहिवर नव्हता. तो शब्द नीट बसतोय का ते बघत होता.

"म्हणजे तेव्हाच तुला ठाऊक होतं."

"व्याख्या ठरत होती तेव्हा. मीच सुचवली होती."

"आणि पेराइतकं, पेराइतकं करत माझ्या मागे लागलास ते?"

"त्याहून ढोबळ चाललं असतं खरं तर. समितीत काही जण हातभर म्हणत होते. मी भांडून पेरावर आणलं. तुझ्यासाठी. जे जाणार ते निदान नीट दिसावं म्हणून."

हे त्यानं इतकं मनापासून सांगितलं की मला ओरडताही येईना. केसानं गळा कापणारा माणूस आपल्याला केस मऊ निवडला होता हे समजावत होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नळ्या काढून घेऊन गेली असतीस. मग भिंत अंबी गल्लीवरून गेली असती, नाहीतर कोर्टात अडकली असती. पाऊस कोर्टासाठी थांबत नाही." त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी बापाला माडीवर मरताना बघितलंय केतकी. रोज सकाळी तो विचारायचा, आली का रं होडी. तीन हजार वर्षांपूर्वी मेलेली लेकरं वाचवायची, का आत्ता जिवंत आहेत ती? सांग तूच."

"हा प्रश्न तू मला तेव्हा विचारायचा होतास."

त्यानं सुरी ओट्यावर ठेवली.

"विचारलं असतंस तर कदाचित मी 'भिंत बांध' म्हटलं असतं. म्हटलं असतं की आपण दोघं मिळून नीट खणू, एकेक मडकं हातानं काढू, वर्षभर आधी सुरुवात करू. कदाचित रडून ओरडून गल्ली पाडा म्हटलं असतं. आता ते मलाही कधी कळणार नाही. माझ्या वाटचं उत्तर तू परस्पर देऊन टाकलंस."

वांग्याच्या फोडी ओट्यावर काळ्या पडत होत्या. मी बॅग उघडून लॅपटॉप काढला. प्रत्येक नळीच्या काही खोडी असतात. एक जरा जास्त मोजते, एक कमी. त्या दुरुस्त करायचे आकडे आमच्याकडे असतात, आणि प्रतिमा दर वेळी त्यांच्यावरूनच उभी राहते; त्यांच्याशिवाय ती म्हणजे नुसतं धुकं. हे आकडे फक्त माझ्याकडे होते. ते पुसले तर प्रतिमा बाद. प्रतिमा बाद तर जतन झालेलं नाही. मग उद्याची खोदाई बेकायदा.

मी ती फाईल उघडली. ते पुसणं म्हणजे माझी इतक्या वर्षांची कमाई पुसणं होतं, आणि तरीही मी ते करणार होते.

"पुसू नकोस," संग्राम म्हणाला. धमकी नव्हती, कळवळा होता. तोच तर वाईट होता. "उपयोग नाही. माझ्याकडे प्रत आहे. दिवाळीत तू आईकडे गेलीस तेव्हा घेतली."

नवरा-बायकोत कसले पासवर्ड, असं मीच म्हणत असे.

त्यानं हेही आधीच धरलं होतं. मी चिडणार, मी पुसायला जाणार, सगळं. माझ्या पोटातलं चित्रही त्यानं पेराइतकं बारीक काढून ठेवलेलं होतं. मी लॅपटॉप मिटला आणि हिंगणवेळची गाडी पकडली.

सकाळी पोकलेन पांढरीवर चढलेलं होतं. नदीकडची बाजू अर्धी कापून झाली होती आणि डंपर रांगेनं भरत होते. पलीकडच्या अंगाला पिवळं हेल्मेट घालून संग्राम उभा होता. अलीकडे गावातल्या बायका. कुणी ओरडत नव्हतं, कुणी आडवं पडत नव्हतं. भिंत त्यांनाही हवीच होती. माझ्याकडे मात्र कुणी बघेना.

मालनकाकू तेवढ्या जवळ आल्या. "सूनबाई, जतन म्हंजी काय असतंय गं?"

मी त्यांना टॅबवर चित्र दाखवलं. दुसरं काय करणार? घरं दाखवली, चुली दाखवल्या. त्यांनी पदरानं काच पुसली आणि बराच वेळ बघितलं.

"फोटू हाय," त्या म्हणाल्या.

"हो."

"मानूस गेल्यावर भिताडाला लावत्यात तसला."

मी मान हलवली.

"आनि तुला म्हाईत हुतं?"

"नाही काकू. शपथेवर सांगते, नव्हतं." आणि मग मला रडू फुटलं, चारचौघांत, डंपरवाल्यांसमोर. काकूंनी विश्वास ठेवला की नाही हे मला आजही ठाऊक नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

तेवढ्यात पोकलेनच्या बकेटनं माती ओढली आणि कापलेल्या उभ्या बाजूवर काहीतरी तांबूस दिसलं. दोन मडकी, तोंडाला तोंड, अर्धी बाहेर आलेली. काकू हात वर करून खाली उतरायला लागल्या. चालवणाऱ्यानं मशीन बंद केलं. बाईमाणूस खाली उतरतंय म्हटल्यावर त्यानं केलंच असतं.

मी त्यांच्या मागून उतरले. कडेची माती बोटांनी सोडवली. नियमाप्रमाणे आता ही माती होती, भरावाची. ज्याची प्रतिमा झाली त्याची वस्तू ठेवण्याची गरज नाही. माझ्या शिक्षणाप्रमाणे मी जागेवर खूण करायला हवी होती, चिठ्ठी लावायला हवी होती, पेटीत भरून संग्रहालयात पाठवायला हवं होतं. मी त्यातलं काहीच केलं नाही.

"लेकरू हाय ह्यात?" काकूंनी दबक्या आवाजात विचारलं.

"असणार."

"हितंच पुरलेलं? घरात?"

"घरातच. आईच्या पायाखाली."

काकूंनी वर बघून आपल्या सुनेला हाक मारली. ती घरातून जुन्या लुगड्यांची वाकळ घेऊन आली. दोघींनी मडकी वाकळीवर घेतली, एकमेकींपासून सुटू न देता, आणि चारी टोकं उचलली. वजन बरंच होतं. काकूंना धाप लागली.

"आमच्यात न्हेतो," त्या म्हणाल्या. "घरातनं उठीवलंय तर घरातच ऱ्हाऊ दे."

"कुणाच्या घरी नेता? कुठं..." असं विचारायला मी तोंड उघडलं, आणि पलीकडून संग्राम येताना दिसला. हेल्मेट हातात घेऊन, घाईघाईनं, काय सापडलं ते बघायला. त्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. घरी गेल्यावर तो विचारणार, मी सांगणार. सवयच तशी होती आमची. जे मला कळेल ते त्याला कळायचं.

"काकू, थांबा. कुठं पुरणार ते मला सांगू नका."

"का गं?"

"मला कळलं की त्याला कळतं."

काकूंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघितलं. वाकळ सावरून दोघी गल्लीच्या दिशेनं चढायला लागल्या.

आयुष्यभर मी बंद मातीच्या आत बघायला धडपडले. आता मी गावाकडे पाठ केली आणि नदीकडे तोंड करून उभी राहिले. संग्राम माझ्यापाशी येऊन काहीतरी विचारत होता. पाठीमागे अंबी गल्लीत कुठलं तरी दार उघडलं, आणि थोड्या वेळानं लागलं. मी वळून बघितलं नाही.